एक चिंधीसुद्धा नाही

४ नोव्हेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे आधी गल्ल्यामागे टाकशील आणि दुकानाचं शटर ओढल्यावरच फोडशील, हे मला ठाऊक आहे. फोड सावकाश. समेटाचं पत्र नाही हे. माझा राग आहे तिथेच आहे आणि आपलं बोलणं बंद आहे ते बंदच राहू दे. पण लिहिणं म्हणजे काही बोलणं नव्हे. आणि जे सांगायचंय ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. इथे माझ्याभोवती सगळी कुत्र्यामांजरांची माणसं, त्यांना धुण्यातलं काय कळतंय?

आत्याने सांगितलंच असेल, कारखान्यातून कमी केल्यापासून मी प्राण्यांच्या निवाऱ्यात कामाला आहे. निवारा म्हणायचं आपलं. लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना जाळीचे पिंजरे, मधून नाली, आणि टोकाला दोन खोल्या, एक उपचारांची आणि एक साहेबांची. गाडीखाली आलेली, घरातून हाकललेली, मालक वारलेली अशी सगळी कुत्री इथे येतात. मी पिंजरे धुते, फडकी धुते, भांडी धुते, कुत्री धुते. म्हणजे बघ, आपल्या लाँड्रीतून पळून पळून मी पोचले कुठे, तर परत पाण्यातच. आई असती तर हसून हसून तिला ठसका लागला असता. दिवसभर ओणवं राहून गुडघ्यांचे तीनतेरा वाजलेत. घरी गेले की पायरीवर बसून आधी चपला काढते आणि तिथेच बसून राहते, आत जायचंही जिवावर येतं.

तर काकू. काकू म्हणजे एक कुत्री. तपकिरी, एक कान फाटका. येणाऱ्याजाणाऱ्यावर अशी काही नजर ठेवते की आमच्या ड्रायव्हरने तिचं नावच काकू ठेवलं. आली तेव्हाच तिच्या पोटात पिल्लं होती. इथे व्यायली, चार झाली. तीनएक आठवडे सगळं नीट चाललं. मग तिला ताप भरला, आचळं दगडासारखी सुजली, आणि त्याच दिवशी पिल्लांना हगवण लागली. डॉक्टरीणबाईंनी काकूला उपचारांच्या खोलीत हलवलं आणि मला म्हणाल्या, तेवढा पिंजरा स्वच्छ करून घ्या, साथ पसरायला नको.

स्वच्छ करून घ्या म्हणे, आणि सांगताहेत कुणाला? आईच्या हाताखाली वाढलेल्या पोरीला. मी फरशी ब्लीचिंग पावडरने घासली. जाळीचा एकेक चौकोन ब्रशने घासला. फडकी उकळत्या पाण्यात टाकली, पिळली, उन्हात टाकली. पिल्लांनाही औषधी साबणाच्या कोमट पाण्याने कानामागेपर्यंत पुसून काढलं. तू पाहिलं असतंस तर तुलासुद्धा बोट ठेवायला जागा सापडली नसती, आणि तू काही साधी नाहीस.

काल काकू बरी होऊन परत आली. ताप उतरलेला, दूध आहे, पाजायला हरकत नाही. मी दार उघडलं. ती आत गेली, पिल्लांना एकेक करून हुंगलं आणि जाऊन कोपऱ्यात बसली, भिंतीकडे तोंड करून. पिल्लंही जागची हलली नाहीत. हिच्या अंगाला मलमाचा वास, त्यांच्या अंगाला साबणाचा. सगळ्यात लहान आहे तिला आम्ही राई म्हणतो, तेवढीच आहे ती. राई धडपडत तिच्यापाशी गेली, तर काकू गुरगुरली. पोटच्या पोरीवर.

डॉक्टरीणबाई खाली बसून बघत होत्या. शांत बाई आहेत, ओरडत नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे मिटलेले, कान मिटलेले, चालतं ते एक नाक. आई कुठली, भावंडं कुठली, ऊब कुठे, दूध कुठे, सगळं ते नाकाने शिकतं. डोळे उघडले तरी भरवसा नाकावरच. मग त्यांनी विचारलं, काकूच्या अंगाखालचं एखादं जुनं फडकं धुवायचं राहिलंय का.

मी म्हणाले, "नाही. सगळं धुतलं. एक चिंधीसुद्धा ठेवली नाही."

हे वाक्य कुणाचं, ते तुला सांगायला नको. आई गेल्याचं कळल्यावर मी दोन गाड्या बदलून पोचले तोवर सगळं उरकलं होतं. मी सरळ आईच्या खोलीत गेले, तिची शाल उचलली आणि तोंडावर धरली. साबण आणि ऊन, बस्स. गादी उन्हात, अभ्रे दोरीवर, कपडे घडी करून कपाटात. तू दारात उभी होतीस, हात पांढरे पडलेले, सुरकुतलेले. म्हणालीस, सगळं धुतलं गं, एक चिंधीसुद्धा ठेवली नाही. वर तोंड करून म्हणालीस, जसं काही बक्षीसच मिळणार होतं. मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. आईला तू दुसऱ्यांदा मारलंस, असं म्हणाले, शाल उचलली आणि परतीच्या गाडीत बसले.

काल तेच वाक्य माझ्या तोंडून आलं, आणि सूरही तुझाच. तेवढंच सांगायचं होतं. उत्तराची अपेक्षा नाही.

भिंगरी


७ नोव्हेंबर

ताई,

उत्तराची अपेक्षा नाही म्हटलं होतं आणि तू अक्षरशः पाळलंस. बरं आहे.

इकडे पालथ्या घड्यावर पाणी चाललंय. पिल्लं आईला घेत नाहीत, आई पिल्लांना घेत नाही. बाटलीचं दूध तिघं कसंबसं पितात, राई दोन घोट घेते आणि मान फिरवते. तिकडे पिल्लं ओढत नाहीत म्हणून काकूची आचळं परत ताठायला लागलीत. दूध आटलं तर सगळाच खेळ खलास. साहेबांनी सांगून टाकलंय, शनिवारी गाडी जाते तिच्यातून पिल्लं दुसरीकडे पाठवा, तिथे बाटलीवर वाढवतात. डॉक्टरीणबाई म्हणतात तिघं तग धरतील, पण राईला एवढा प्रवास झेपायचा नाही. साहेब म्हणाले, मग काय करणार. साहेबांचं सगळं 'मग काय करणार' वर येऊन थांबतं.

मला हुकूम झालाय की आता काहीही धुवायचं नाही. फरशी नुसती कोरडी पुसायची, फडकी बदलायची नाहीत, हाताला वासाचा साबण नाही. वास साठू दे, म्हणतात. तुला कल्पना नाही ताई, न धुता बसणं किती अवघड असतं ते. किंवा तुलाच आहे. त्या घाणीकडे बघत बसते आणि हाताला नुसती खाज सुटते.

काल बाईंनी एक गंमत करून दाखवली. आमच्याकडे एक पांढरी कुत्री आहे, तिचीही पिल्लं एवढीच. त्या पिल्लांसमोर एका बाजूला त्यांच्या आईच्या अंगाखालचं फडकं ठेवलं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच कुत्रीचं. डोळेही धड ठरत नाहीत अजून त्यांचे, पण लटपटत गेली ती आपल्याच आईच्या फडक्यावर आणि तिथेच ढीग करून झोपली. मग आमच्या चौघांची पाळी. एकीकडे काकू आजारपणात ज्यावर झोपली ते, दुसरीकडे पांढरीचं. आमची बिचारी मधोमध बसून रडत राहिली. काकूच्या त्या फडक्याला औषधच औषध, त्यात आई कुठे सापडणार. मलाच तिथे थांबवेना. उगाच बादली घेऊन बाहेर गेले.

आई कशी हुंगून ओळखायची, आठवतंय? गाठोडं सुटलं, खुणेचा दोरा निघाला, की तू रडकुंडीला यायचीस. आई नुसता सदरा नाकाशी धरायची आणि म्हणायची, हा औषधाच्या दुकानवाल्यांचा, हा मास्तरांचा, ही चादर त्या जुळ्यांच्या घरची. मी विचारायचे, कसं गं कळतं? तर म्हणायची, प्रत्येक घराचा एक वास असतो, त्या घरातल्यांना तेवढा येत नाही. मग मी विचारलं होतं की आपल्या घराचा कसला. ती म्हणाली होती, मला काय माहीत, मी तर घरातलीच.

ताई, खरं सांगू का, मला आईचा वास आठवत नाही. तीन वर्षं तुझ्यावर चिडून आहे ती ज्या गोष्टीसाठी, ती गोष्टच आठवत नाही. आठवायला बसते तर दुकान आठवतं. गरम इस्त्रीखाली ओलं सुती कापड, खळ, नीळ, कोळशाच्या इस्त्रीचे जुने दिवस. पण ते दुकान झालं, आई नव्हे.

बाईंनी आणखी एक सांगितलं, कुठेतरी वाचलेलं. म्हणे कुत्री आपल्या पिल्लांना दोन दोन वर्षांनीसुद्धा वासावरून ओळखते, आणि पिल्लं तिला. पण भावंडं वेगवेगळ्या घरी एकेकटी गेली की एकमेकांना विसरतात. एखादं दुसऱ्या भावंडाबरोबर राहिलं असेल, तर त्याला मात्र बाकीचीही ओळखता येतात. रोज नाकासमोर घरचा वास असतो ना, तो विसरत नाही. एकटं राहिलेल्याचं घरच हरवतं. बाई सहज बोलून गेल्या आणि चहा प्यायला गेल्या. मी आपली तिथेच उभी.

आणखी एक गोष्ट आहे, पण ती आज लिहीत नाही. हात दुखतोय.

भिंगरी


९ नोव्हेंबर

ताई,

राई गेली.

सकाळी मी पिंजरा उघडला तर बाकीची तिघं ढिगात होती आणि ती थोडी बाजूला. थंड होती. मी तिला फडक्यात गुंडाळून बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्या म्हणाल्या, अशक्त होती हो ती पहिल्यापासून, कदाचित आई असती तरी गेली असती, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सगळे असंच म्हणतात. ड्रायव्हरनेही पाठीवर हात ठेवला, आणि तो तर कुणाशी धड बोलतही नाही.

त्यांना माहीत नाही म्हणून. तुला सांगते. परवा लिहायचं टाळलं ते हे.

बाईंनी विचारलं होतं ना, न धुतलेलं काही राहिलंय का. होतं. आईची शाल. काकू व्यायला लागली ती वेळेच्या आधी, भरदुपारी, नेमकी सगळी फडकी दोरीवर ओली होती. अंगात कसकस होती म्हणून माझ्या खांद्यावर शाल होती, तीच मी तिच्याखाली सारली. चारही पिल्लं त्या शालीवर झाली. नंतर कोरडं फडकं आलं तेव्हा मी शाल काढून घेतली आणि तशीच घरी नेली, डागांसकट. खिडकीच्या गजाला वाळत टाकली. माझ्याबरोबर खोलीत राहते ती शिवणकामवाली म्हणाली, बाई गं, भीक नको पण कुत्रं आवर, ती शाल धुऊन तरी टाक. मी नाही म्हणाले.

का, ते तुलाच कळेल. शाल तू धुतलीस आणि आईला पुसून टाकलंस, म्हणून मी ठरवलं होतं की आता ती आयुष्यात पुन्हा पाण्याला लागणार नाही. निदान तुझ्यानंतरचं तरी सगळं त्यात राहील. हट्ट म्हण, खुळेपणा म्हण. तीन वर्षं मी ती शाल धुतलेली नाही. लाँड्रीवालीची मुलगी, आणि मळकी शाल पांघरून फिरते.

बाईंनी विचारलं त्या क्षणी शाल माझ्या डोळ्यांसमोर आली. विसरले वगैरे अजिबात नव्हते. पण मनात आलं, पिंजऱ्यात गेली की नखांनी फाटणार, हगणार-मुतणार तिच्यावर, आणि मग निवाऱ्याच्या नियमाप्रमाणे ती उकळत्या पाण्यात जाणार. म्हणजे आई गेली ती गेलीच, आणि आता हेही. म्हणून मी म्हणाले, एक चिंधीसुद्धा नाही. मग रोज वाटायचं, उद्या आणू. रोज वाटायचं, घेईल आज काकू, आपोआप घेईल. आणि राई बाटलीवरून मान फिरवत राहिली.

तिला उचललं तेव्हा तिच्या अंगाला साबणाचा वास येत होता, ताई. माझ्याच साबणाचा. तान्ह्या पिल्लाला कसा मस्त दुधाळ वास असतो, तो नव्हताच. जन्मून जेमतेम डोळे उघडले आणि तिला आपलं म्हणून काही हुंगायलासुद्धा मिळालं नाही.

मी आज रजा टाकली नाही. कामाला थांबले. राहिलेल्या तिघांचं बघायला हवं. उद्या शनिवार, गाडी आहे.


१२ नोव्हेंबर

ताई,

शनिवारची गाडी पिल्लांना न घेता गेली. आधी एवढं सांगते आणि मग बाकीचं.

शनिवारी सकाळी मी शाल पिशवीत घालून नेली. बाईंना म्हणाले, ही घरी होती, हिच्यावर पिल्लं झालीयेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, शालीवरचे डाग बघितले. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मनाची तयारी करून गेले होते. पण त्या एवढंच म्हणाल्या, द्या इकडे, गाडी यायला अजून वेळ आहे.

आधी आम्ही काकूच्या पोटावरून, काखेतून, तोंडावरून शाल फिरवली. मग तिघा पिल्लांची अंगं तिच्यात घोळून काढली. मग ती कोपऱ्यात पसरली आणि पिल्लांना वर ठेवून आम्ही मागे सरलो. साहेब दारात घड्याळ बघत उभे. ड्रायव्हर गाडी चालू ठेवून आला होता, बाईंनी त्याला ती बंद करायला लावली.

पिल्लांनी नाकं खाली घातली. मी आजवर असं बघितलं नव्हतं. तिघंही त्या डागात नाक खुपसून नुसती घुसळत होती, रडणं थांबलं, शेपट्यांच्या त्या काड्या हलायला लागल्या. एक तर सुरकुतीत डोकं घालून चोखायलाच लागलं, कापड. कापडात काय असणार पोटात जायला?

काकू भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिचा तो फाटका कान आधी हलला. मग ती उठली, आली आणि शाल हुंगायला लागली. पिल्लं नाही, शाल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, डागापाशी थांबून, परत मागे जाऊन. एवढं हुंगलं की साहेबसुद्धा घड्याळ बघायचं विसरले. मग ती आडवी झाली आणि चाटायला लागली. आधी शाल चाटली. मग जवळचं पिल्लू उलथं पाडलं आणि त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटून काढलं, मग दुसरं, मग तिसरं. ती किंचाळताहेत, सुटायला बघताहेत, आणि ही पंजाने दाबून धरून चाटतेय. कान, डोळे, पोट, ढुंगण, काही म्हणजे काही सोडलं नाही तिने. माझा सगळा साबण काढून टाकला. ते झाल्यावरच तिने त्यांना पोटाशी येऊ दिलं.

बाई हळूच म्हणाल्या, "आता तिच्या थुंकीचा वास लागला. आता ती तिची."

ताई, ती त्यांना धूत होती. मी तिथे जाळीला धरून उभी राहिले आणि मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं पिल्लांसाठी रडतेय. तसंही होतंच.

तुला आठवतं, आपलं एखादं गिऱ्हाईक वारलं आणि त्याचे कपडे दुकानात राहिले, की आई काय करायची? हातातलं काम बाजूला ठेवायची. ते कपडे ती मला देत नसे, तुला देत नसे. स्वतः भिजवायची, स्वतः चोळायची, बटण तुटलं असेल तर लावायची, इस्त्री अशी करायची की जणू तो माणूस उद्या लग्नाला निघालाय. मग स्वतः नेऊन पोचवायची आणि पैसे घ्यायची नाही. एकदा मी म्हणाले होते, मेलेल्या माणसाला इस्त्री काय कामाची? तेव्हा तिने मला फटका दिला नाही, फक्त म्हणाली, माणूस गेलं की त्याचं मळकं जगासमोर राहू द्यायचं नाही, हे आपलं काम आहे.

हे मला माहीत होतं गं. तीन वर्षांपूर्वी त्या दारात उभी होते तेव्हाही माहीत होतं. तू आईचं केलंस ते आईनेच शिकवलेलं केलंस. तुझे हात पांढरे पडले होते, ते मी बघितले होते. पण मला रागच हवा होता, कारण मी उशिरा पोचले होते आणि उशिरा पोचल्याचा राग कुणावर काढणार? गाडीवर?

आणि दुसरं. शेवटचे महिने आईच्या अंथरुणाला कसला वास होता, ते तूच जाणतेस. मी नव्हते. अभ्रे बदलणं, चादरी बदलणं, तिला पुसणं, सगळं तुझ्या एकटीच्या गळ्यात. ती शाल मला न धुता मिळाली असती, तर तो दुखण्याचा वास मी आईचा म्हणून जन्मभर उराशी धरून बसले असते. काकूच्या फडक्यासारखं. सगळं औषधच औषध, त्यात आई कुठे सापडणार.

तू ते मुद्दाम केलंस का? मला हुंगायला मिळू नये म्हणून? की फक्त हाताची सवय? नको, सांगू नकोस. मला दोन्ही चालेल.

दमलेय मी ताई. चांगली दमणूक आहे असंही नाही, नुसतीच दमणूक. राईचं मनातून जात नाही. रोज पिंजरा उघडताना आधी बाजूला बघते.

भिंगरी


२४ नोव्हेंबर

ताई,

तुझं पार्सल पोचलं. पत्र शोधलं, पिशवी उलटी करून झटकली. नाही ते नाहीच. तुझ्याकडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी.

पण काय पाठवलंस गं हे. जुन्या चादरी, अर्ध्या फाटलेल्या, विटलेल्या, कुत्र्यांसाठी म्हणून. आणि त्यांनासुद्धा धुऊन, खळ लावून, कडक इस्त्री करून, कोपऱ्याला कोपरा जुळवून. साहेबांनी त्या घड्या बघितल्या आणि म्हणाले, या कुत्र्यांच्या अंगाखाली घालायच्या की यांना सलाम करायचा? ड्रायव्हर तर हात लावायलाही घाबरला. मी सगळ्यांना सांगितलं की माझ्या बहिणीने पाठवल्यात. गेल्या तीन वर्षांत बहीण आहे असं इथे कुणाला बोलले नव्हते.

प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात तांबडा दोरा आहे, दोन उभे टाके. तो मी खोलीवर येऊन बघितला. गिऱ्हाइकांच्या खुणा वेगळ्या, हा आपल्या घरच्या कपड्यांचा. आईच घालायची तो. म्हणजे तू अजून घालतेस. त्यातली एक चादर मी निवाऱ्यात नेलेली नाही. खळीचा आणि इस्त्रीचा वास येतो तिला, गरम ओल्या सुताचा. मी म्हटलं होतं ना, ते दुकान झालं, आई नव्हे? नाकाशी धरून बसले आणि कळलं की मी किती खुळी. आईचा वेगळा वास असणार कुठला? पहाटेपासून सांजेपर्यंत ती त्या वाफेतच उभी असायची. आणि आता तिथे तू असतेस.

काकूची तिघं गुबगुबीत झालीत आणि भांडायलाही लागलीत. घरं बघणं चालू आहे. एक ड्रायव्हरच नेतो म्हणाला. उरलेल्या दोघांना मी बाईंकडे हट्ट धरून एकत्र द्यायला लावलंय, एकाच घरी. साहेब म्हणाले, एवढं काय त्यात. मी म्हणाले, एवढंच आहे त्यात.

ऐक आता. मी पुढच्या गुरुवारी येतेय. रजा मंजूर झाली, गाडीचं ठरलं. स्टेशनवर येऊ नकोस, तुझं दुकान उघडं असू दे.

बरोबर शाल आणतेय. तिची अवस्था बघून किंचाळू नकोस. काकूचे डाग आहेत, पिल्लांनी एक कोपरा चावून भोकं पाडलीत, राईचंही काहीतरी असेल त्यात, आणि वर माझी तीन वर्षं. निवाऱ्याच्या पाण्यात मी ती टाकू दिली नाही. धुवायची आहे, पण तुझ्या हाताने. भिजत घालण्याआधी मात्र एकदा आईसारखी नाकाशी धर आणि सांग, कुणाच्या घरची आहे ती.

आणि गिऱ्हाइकाला विचारतेस तसं, कधी पाहिजे, म्हणून विचारू नकोस. घाई नाही. मी थांबणार आहे.

तुझी,
भिंगरी